शॉर्ट झालेला सेल: पाठ्यपुस्तक थांबते तिथून पुढे

पावसाळा सरल्यावर आम्ही दापोली तालुक्यात हर्णे परिसरातील एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. हर्णे म्हटले की समुद्रातला सुवर्णदुर्ग, संध्याकाळी पुळणीवर चालणारा माशांचा लिलाव आणि कनकदुर्गावरचे दीपगृह डोळ्यांसमोर येते. त्यामुळे आठवीच्या मुलांनी कनकदुर्गाची मातीची प्रतिकृती करून तिच्यावर लुकलुकणारा दिवा बसवला होता, याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते दिव्यामागच्या सेलचे. टॉर्चमधले ओळखीचे सेल नव्हते ते. निळ्या वेष्टनाचे, बोटापेक्षा थोडे जाड असे दोन सेल होते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडून काढलेले हे सेल मुलांनी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून मिळवले होते.

आम्ही पाहत असतानाच प्रतिकृतीच्या मागे कुणाची तरी स्टीलची पट्टी पडली आणि एका सेलच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या उघड्या तारांवर आडवी झाली. चर्र आवाज झाला, तारेचे आवरण वितळू लागले, धूर निघाला. विज्ञानाचे सर जवळच होते. त्यांनी हातातल्या लाकडी छडीने पट्टी उडवून लावली. हे त्यांनी अगदी योग्य केले. पट्टी हाताने उचलायला गेले असते तर बोटे भाजली असती. पण त्यानंतर त्यांनी सेल उचलला, चटका बसला म्हणून खाली टाकला, ओल्या डस्टरमध्ये गुंडाळला आणि थोड्या वेळाने ‘गार झाला, झालं’ असे म्हणून कार्यालयातल्या कपाटात, प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवून दिला. एका मुलीने विचारले, “सर, हा उद्या परत चार्ज करून लावायचा ना?” सर म्हणाले, “बघू, मीटरवर दाबून बघू. व्होल्टेज दाखवलं तर लावू.”

या लेखाचा विषय त्या मुलीचा प्रश्न आणि सरांचे उत्तर हा आहे. सरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही, कारण ते जे वागले ते पुस्तकाबरहुकूम वागले. दोष पुस्तकांकडे जातो, आणि तो नेमका कुठे जातो हे आम्हाला तपासून पाहायचे आहे.

आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत शॉर्टसर्किट दोन ठिकाणी भेटते. पहिली भेट लहान वर्गात होते. एनसीईआरटीच्या २००६ सालच्या सहावीच्या विज्ञान पुस्तकात विजेच्या परिपथाचा पाठ होता. सेलची दोन टोके दिवा किंवा तत्सम काही मध्ये न ठेवता सरळ तारेने जोडू नका, अशी सूचना त्यात होती. सूचना बरोबर होती. कारण मात्र असे दिले होते, की तसे केल्यास सेलमधली रसायने फार लवकर संपतात आणि सेल निकामी होतो. म्हणजे नुकसान काय, तर सेलच्या किमतीचे. मुलाच्या मनात चित्र उभे राहते ते नळ उघडा राहून टाकी रिकामी झाल्याचे.

दुसरी भेट दहावीत होते. महाराष्ट्राच्या २०१८ सालच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ या प्रकरणात घरातील वीजजोडणी शिकवताना लघुपरिपथन येते. विद्युतयुक्त तार आणि तटस्थ तार एकमेकींना टेकल्या की रोध अतिशय कमी होतो, धारा प्रचंड वाढते, उष्णता निर्माण होऊन आग लागू शकते. मग वितळतार येते, एमसीबी येतो. धारा तुटली की धोका टळला, अशी ही गोष्ट सुखान्त आहे. घरच्या २३० व्होल्टच्या जोडणीपुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. कारण तिथे ऊर्जा येते ती दूरच्या वीजकेंद्रातून. रस्ता तोडला की तिचे येणे थांबते.

या दोन भेटींच्या मधोमध आठवीचे पुस्तक आहे. २०१८ साली आलेल्या ‘सामान्य विज्ञान’ या पुस्तकातील ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या प्रकरणात कोरडा घट, लेड-आम्ल घट आणि निकेल-कॅडमिअम घट अशी रांग लावलेली आहे. बरोबर नेता येण्याजोग्या उपकरणांसाठी म्हणून जो घट सांगितला, तो निकेल-कॅडमिअम. हे वाचून आम्ही थबकलो. सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला १९९१ साली. २०१८ मध्ये हे पुस्तक ज्या मुलांच्या हाती पडले, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी एक तरी मोबाइल होता, आणि त्यात निकेल-कॅडमिअम घट शोधूनही सापडला नसता. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना याच लिथियम-आयन घटासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपण वर्गात त्या बातमीचा तक्ता लावला, तिघांची छायाचित्रे चिकटवली, आणि सेलचा पाठ मात्र कॅडमिअमवर संपवला.

पुस्तकात एखादा नवा पदार्थ राहून गेला, एवढीच तक्रार असती तर आम्ही ती केली नसती. पुस्तके मागे पडतातच. तक्रार अशी आहे की सेल शॉर्ट होणे म्हणजे फक्त रसायने वाया जाणे, आणि शॉर्ट सुटले की धोका संपला, हे दोन समज मुलाच्या डोक्यात पक्के करून आपण त्याला अशा जगात पाठवतो, जिथे दोन्ही समज चुकीचे आहेत. हर्ण्याच्या सरांच्या कपाटापर्यंतचा रस्ता या दोन समजांतूनच गेला.

जुना सेल इतका क्षमाशील का होता, ते आधी पाहू. प्रत्येक सेलच्या आत त्याचा स्वतःचा रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. साध्या जस्त-कार्बनच्या पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध ढोबळमानाने अर्धा ओहम धरा. विभवांतर १.५ व्होल्ट. टोके तारेने सरळ जोडली तर धारा १.५ भागिले ०.५, म्हणजे ३ अँपिअर. सेलच्या पोटात निर्माण होणारी उष्णता दर सेकंदाला साडेचार ज्यूल, म्हणजे साडेचार वॅट. सेल गरम होतो, तार कोमट होते, थोड्या वेळाने सेल मरगळतो. कितीतरी पिढ्यांनी असे सेल शॉर्ट करून ठिणगी पाहिली, आणि त्यांचे काही बिघडले नाही. सेलमध्ये जीव आहे की नाही, हे आम्ही स्वतः लहानपणी असेच तपासत होतो, हे कबूल केले पाहिजे.

आता तो निळा सेल घ्या. या मापाच्या सेलला बाजारात १८६५० म्हणतात. पहिले दोन आकडे व्यासाचे, १८ मिलिमीटर, आणि पुढचे लांबीचे, ६५ मिलिमीटर. त्याचे विभवांतर सरासरी ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. अंतर्गत रोध असतो काही दशके मिलिओहम. आपण ०.०५ ओहम धरू. धारा होते ३.७ भागिले ०.०५, म्हणजे ७४ अँपिअर. उष्णता ३.७ च्या वर्गाला ०.०५ ने भागून जवळजवळ २७४ वॅट. शाळेतली डाग देण्याची इस्तरी साधारण २५ वॅटची असते. अशा दहा-अकरा इस्तऱ्या बोटाएवढ्या डब्यात कोंबल्या आहेत असे समजा. ही वरची मर्यादा झाली. बाहेरच्या तारेचा आणि पट्टीच्या टेकण्याचा रोध धरला तर धारा कमी भरते, आणि काही उष्णता तारेतच खर्च होते. म्हणूनच तारेचे आवरण वितळले. पण पेन्सिल सेलशी तुलना केली तर प्रमाण साठपटीच्या घरात जाते. ‘सेल’ हा शब्द एकच, वस्तू मात्र दोन.

दुसरा हिशेब ऊर्जेचा. २.५ अँपिअर-तासांचा एक सेल भरलेला असेल तर त्यात २.५ गुणिले ३,६०० गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ३३,००० ज्यूल ऊर्जा असते. टपरीवरच्या एका कपाएवढे, १०० ग्रॅम पाणी २० अंशांपासून उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते. हा सेल स्वतः मात्र ४५ ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याची विशिष्ट उष्मा पाण्याच्या जेमतेम पाव भाग असते. ती सगळी ऊर्जा त्याच्या पोटातच राहिली तर तो किती तापेल, हे गणित मुलांनाच करू द्या. उत्तर काहीशे अंश येते. शिवाय ही झाली फक्त विजेच्या रूपातली ऊर्जा. आतला द्रव जळाला तर त्याची उष्णता वेगळी.

इथे वीजकेंद्र दूर नाही, डब्यातच आहे. म्हणून दहावीची सुखान्त गोष्ट इथे लागू पडत नाही. बाहेरचे शॉर्ट सुटले तरी आत काय झाले आहे, हा प्रश्न उरतो.

आतली रचना थोडक्यात अशी. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचा लेप, मध्ये सूक्ष्म छिद्रांचा प्लास्टिकचा पडदा, आणि या सगळ्याची वळकटी ज्वलनशील कार्बनी द्रवात भिजवलेली. तोच विद्युत अपघटनी. मधला पडदा केसापेक्षाही पातळ असतो, आणि धन व ऋण बाजू एकमेकींपासून दूर ठेवण्याचे सारे काम त्याच्यावर आहे. तापमान साधारण ९० अंशांच्या पुढे गेले की ग्रॅफाइटवर तयार झालेला संरक्षक थर मोडू लागतो, आणि त्या मोडण्यातूनही उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. आणखी वर गेले की ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागतो. यापुढे सेलला बाहेरच्या विजेची गरज उरत नाही. उष्णता अभिक्रिया वाढवते, अभिक्रिया उष्णता वाढवते. जळायला द्रव आणि जाळायला ऑक्सिजन दोन्ही घरचेच, म्हणून ही आग नुसती झाकून विझत नाही. लोह-फॉस्फेट वापरणारे सेल या बाबतीत पुष्कळ सोशिक असतात, पण त्यांतलाही द्रव जळतोच.

काही सेकंदांच्या शॉर्टने सेल या टोकाला पोचेलच असे नाही. बहुधा पोचत नाही. चांगल्या सेलच्या टोपीत तापल्यावर रोध वाढवणारी एक चकती असते, दाब वाढल्यावर जोडणी तोडणारी झडप असते. मोबाइलच्या बॅटरीवर तर इवलासा इलेक्ट्रॉनिक परिपथ असतो, तो शॉर्ट होताच क्षणार्धात धारा बंद करतो. जुन्या बॅटरीतून सोडवून काढलेल्या सेलवर हा परिपथ नसतो. तो लॅपटॉपच्या बॅटरीच्या डब्यातच मागे राहिलेला असतो. प्रदर्शनातल्या मुलांना हे ठाऊक नव्हते. दुकानदाराने सांगितले नव्हते, आणि पुस्तकात असण्याचा प्रश्नच नव्हता.

बहुधा पोचत नाही, यातल्या ‘बहुधा’ला इथे फार महत्त्व आहे. एका जागी पडदा आकसला, एक कोपरा दुखावला, तर आत बारीकसा आंतरिक शॉर्ट राहू शकतो. तो बाहेरून दिसत नाही आणि मीटरलाही लगेच कळत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला आपला गॅलेक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत घ्यावा लागला, आणि २०१७ च्या जानेवारीत कंपनीने कारणे सांगितली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत ऋणाग्राचा कोपरा वाकला होता, दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाचे टोकदार कंगोरे राहिले होते. इतक्या बारीक दोषांनी पडद्याचा घात केला, आणि तोही कारखान्याची तपासणी पार करून ग्राहकाच्या खिशात गेलेल्या बॅटरीत. मग कार्यालयातल्या कपाटाला आपण कोणत्या तपासणीचा भरवसा देणार?

जास्त वेळ शॉर्ट राहून सेल पार रिकामा झाला, तर वेगळाच धोका असतो. विभवांतर फार खाली गेले की ऋण बाजूचे तांबे द्रवात विरघळू लागते. पुढे कुणी तो सेल चार्ज केला तर हे तांबे नको तिथे जाऊन बसते आणि आतून शॉर्टची वाट तयार करते. काही दुरुस्तीवाले ‘मेलेला’ सेल दुसऱ्या सेलचा झटका देऊन जागा करतात. तो जागा होतो हे खरे. पण कशासाठी जागा होतो, ते मात्र नंतर कळते.

तेव्हा सरांच्या उत्तराची तपासणी अशी होते. मीटरवर ३.७ व्होल्ट दिसले तर त्याचा अर्थ एवढाच, की या क्षणी दोन टोकांत तेवढे विभवांतर आहे. पडदा शाबूत आहे की नाही, ते मीटर सांगत नाही. मीटरवर शून्य दिसले तर सेल नक्कीच बाद. म्हणजे एक आकडा सेलला बाद ठरवू शकतो, पण कुठलाच आकडा त्याला पास करू शकत नाही. हा एकतर्फी निष्कर्ष विज्ञानाच्या तासाला शिकवण्यासारखा आहे, आणि आमच्या मते तो तीन प्रकारच्या घटांच्या आकृत्यांपेक्षा मोलाचा आहे.

मग शॉर्ट झाल्यावर करायचे काय? आधी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या वस्तूने जोडणी सोडवायची, तीही धूर नसेल आणि सेल फुसफुसत नसेल तरच. चार्जर लावलेला असेल तर आधी भिंतीवरचे बटण बंद. सेल फुगतो आहे, सुस्कारे टाकतो आहे, गोडसर-उग्र, नेलपॉलिशसारखा वास येतो आहे, असे काही दिसले तर त्याला हात लावायचा नाही. मुलांना वर्गाबाहेर काढायचे, खिडक्या जाता जाता उघडता आल्या तर उघडायच्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. हा धूर विषारी असतो. आतल्या क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइडही तयार होते. द्रव कातडीला लागला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जायचे.

यांपैकी काहीच दिसले नाही, सेल नुसता तापला असेल, तर चिमट्याने उचलून उघड्यावर नेऊन ठेवायचा. जमीन मोकळी हवी, जवळ गवत, पेंढा, गाड्या, भिंतीला टेकलेली लाकडे काही नको. मडक्यात किंवा लोखंडी घमेल्यात कोरड्या वाळूवर ठेवला तर उत्तम. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र ठेवू नये. वायू सुटला तर त्याला वाट हवी, नाहीतर डबाच फुटतो. आणि तिथे तो किती वेळ ठेवायचा? तास-दोन तासांत गार होईल, पण गार होणे ही परीक्षा नव्हे. आम्ही किमान एक पूर्ण दिवस सांगू. त्यानंतरही तो चार्ज करायचा नाही, वापरायचा नाही, टोचून किंवा उघडून पाहायचा नाही. टोकांवर चिकटपट्टी लावायची आणि त्याची रवानगी टाकाऊ बॅटऱ्यांत करायची. एक सेल शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. इथे काटकसर महागात पडते.

आता लोकांत पसरलेल्या सल्ल्यांकडे वळू. त्यांचेही परीक्षण व्हायला हवे. सगळ्यांत पक्का समज असा, की लिथियमच्या आगीवर पाणी टाकू नये. याचे मूळ पुन्हा वर्गातच आहे. सोडिअमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर पेट घेतो, लिथियम त्याच कुटुंबातला, म्हणून पाणी वर्ज्य. तर्क सुरेख आहे, पण नेहमीच्या रिचार्जेबल सेलमध्ये लिथियम धातूचा गोळा नसतोच. लिथियम असते ते आयनांच्या रूपात, ग्रॅफाइटच्या आणि ऑक्साइडच्या थरांत शिरलेले. इथे मुख्य शत्रू उष्णता आहे, आणि उष्णता शोषायला पाण्यासारखे स्वस्त दुसरे काही नाही. अग्निशमन दलेही लिथियम-आयनच्या आगीवर भरपूर पाणीच मारतात. चमचाभर शिंपडून उपयोग नाही, बादल्या हव्यात. वाळू ज्वाळा आणि उडणारे तुकडे अडवते, पण सेल गार करत नाही. उलट पांघरूण घातल्यासारखी ऊब धरून ठेवते. म्हणून वाळू सेल ठेवायला, आणि पाणी पेटलेल्याला गार करायला, असा फरक लक्षात ठेवावा.

दुसरा सल्ला असा, की खराब सेल मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला की तो रिकामा होतो. हर्ण्यासारख्या गावी हा फारच सोपा वाटतो, कारण मिठाचे पाणी दारात आहे. प्रत्यक्षात टोकांवर विद्युत अपघटन सुरू होते, हायड्रोजन आणि थोडा क्लोरीन सुटतो, धन टोक गंजून जाते, आणि मग टोकच न उरल्याने सेल आत भरलेलाच राहतो. दिसतो मात्र मेलेला. भरलेल्या पण मेल्यासारख्या दिसणाऱ्या सेलहून जास्त फसवे काय असणार? सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ‘इयन’ चक्रीवादळ आले. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी पाणी ओसरल्यावर, काहींनी तर कित्येक दिवसांनी पेट घेतला. पाणी गेले तरी मीठ मागे राहिले होते, आणि मिठाचा ओलसर थर वीज वाहून नेतो.

हे उदाहरण आम्ही हर्ण्यातल्या शिक्षकांपुढे मुद्दाम ठेवले. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ त्यांनी अंगावर घेतले आहे. त्या वेळी दापोली-मंडणगड भागात खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे गेले. विजेरी, पॉवर बँक आणि चार्जिंगचा कंदील या चैनीच्या वस्तू नाहीत, हे तेव्हा घरोघर समजले. जनरेटर असलेल्या घरी सगळ्या आळीचे मोबाइल चार्जिंगला लागलेले असत, असे एका बाईंनी आम्हाला सांगितले. भिजलेली उपकरणे उन्हात वाळवून पुन्हा लावलेलीही पुष्कळ होती. वादळ नसले तरी खाऱ्या हवेने टोके हिरवी पडतात, स्प्रिंगा गंजतात. पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत होडीवरच्या विजेऱ्या घरी पडून राहतात आणि खोल रिकाम्या होतात. बंदी उठायच्या आधी त्या चार्जिंगला लावल्या जातात, त्याही रात्रभर, उशाशी. वसईत २०२२ च्या सप्टेंबरमध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला, ही बातमी अनेकांनी वाचली होती. पण ती ‘गाडीची’ बातमी म्हणून वाचली होती. आपल्या टॉर्चमध्येही त्याच जातीचा सेल आहे, हे कुणी जोडून पाहिले नव्हते.

आणि पुळणीवरची वाळू? एका मुलाने लगेच विचारले, “सेल तिथेच नेऊन ठेवला तर?” प्रश्न उत्तम होता. भरतीच्या रेषेखालची वाळू ओली आणि खारी असते, म्हणजे तिथेही दोन टोके जोडली जाण्याचीच सोय. कोरडी, गोड्या पाण्याने धुऊन वाळवलेली वाळूच घ्यायची.

विल्हेवाटीच्या बाबतीत आमची तक्रार पुस्तकांपुरती राहत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम काढले. त्यांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या, त्या कचऱ्यात पुरू नयेत, जाळू नयेत असे ठरले, आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. कागद चांगला आहे. पण खेड्यातल्या शिक्षकाने एक शॉर्ट झालेला सेल हातात धरून विचारले, ‘कुठे देऊ?’, तर त्याला गावात उत्तर मिळत नाही. तोवर शाळेने कार्यालयाबाहेर, पावसापासून आडोशाला, वाळूचे एक मडके ठेवावे, टोके चिकटपट्टीने बंद केलेले सेल त्यात जमवावेत, आणि तालुक्याला जाणाऱ्याबरोबर ते एखाद्या ई-कचरा संकलनाला पोचवावेत, एवढेच आम्ही सुचवू शकतो. ही सोय तात्पुरती आहे आणि ती शिक्षकाच्या गळ्यात पडते, हे आम्हाला दिसते.

पाठात काय असावे, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर टीका नुसती टीकाच राहील. लिथियम सेल शॉर्ट करून दाखवण्याचा प्रयोग कुणीही करू नये, दुरूनही नाही. तो करण्याची गरजही नाही. साधा पेन्सिल सेल घ्या. मोकळे विभवांतर मोजा, समजा १.५० व्होल्ट आले. आता ५ ओहमचा रोध जोडून पुन्हा मोजा, समजा १.३६. धारा झाली १.३६ भागिले ५, म्हणजे ०.२७ अँपिअर. हरवलेले ०.१४ व्होल्ट सेलच्या आत खर्ची पडले. ०.१४ ला ०.२७ ने भागा, अंतर्गत रोध अर्धा ओहम. शॉर्ट न करता शॉर्टची धारा फळ्यावर काढता आली. मग लिथियम सेलचा रोध द्या आणि गणित मुलांवर सोडा. हर्ण्यात आम्ही हे केले, तेव्हा २७४ हा आकडा फळ्यावर आल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती धुराच्या वेळीही नव्हती.

तास संपल्यावर सर स्वतःच उठले आणि कपाट उघडून तो सेल चिमट्याने बाहेर घेऊन गेले. शाळेमागे मोकळ्या जागी घमेल्यात वाळू टाकून त्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. काही झाले नव्हते. मीटरवर ३.८ व्होल्ट दाखवत होता. “अगदी चांगला दिसतोय हो,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून, “पण चिकटपट्टी लावली त्याला.” दीपगृहाला त्यांनी दोन साधे पेन्सिल सेल लावून दिले होते. दिवा पूर्वीपेक्षा मंद लागत होता म्हणे, आणि मुले थोडी नाराज होती.